सायगॉनकरांचे वुंग ताऊ

दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर जमिनीची एक अरुंद सोंड समुद्रात शिरते आणि तिच्या टोकाशी दोन डोंगर उभे राहतात. नुई लोन हा थोरला, अडीचशे मीटरांच्या आसपास उंचीचा. नुई न्हो हा धाकटा, 170 मीटरांचा. या दोघांच्या बेचक्यात आणि मागच्या सपाटीवर वुंग ताऊ वसले आहे. पश्चिमेला गान्ह राय आखात आहे, जिथून मालवाहू जहाजे नदीत शिरून सायगॉनकडे वळतात. दुसऱ्या अंगाला खुला समुद्र आहे. 2019च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांहून थोडी अधिक भरली होती. शनिवार-रविवारी या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

परदेशी पर्यटक व्हिएतनामला जातात ते हा लोंग आखात, होई आन, दा नांग, न्हा चांग किंवा फू क्वोक बेट पाहायला. वुंग ताऊचे नाव त्यांच्या यादीत सहसा नसते आणि त्याला कारणही आहे. इथले पाणी चित्रातल्यासारखे निळे नाही. नद्यांनी आणलेला गाळ किनाऱ्यालगत मिसळत राहतो, त्यामुळे समुद्राचा रंग बहुतेक दिवस मातकट हिरवा असतो. तरीही सायगॉनमधल्या सामान्य कुटुंबातील मुलाने पाहिलेला पहिला समुद्र बहुधा हाच असतो. सायगॉन हे नाव 1976 साली कागदोपत्री गेले आणि शहर हो चि मिन्ह सिटी झाले. बोलण्यात मात्र ते सायगॉनच राहिले, आणि सुटीचा विषय निघाला की सायगॉनकरांच्या तोंडी वुंग ताऊ येते. 1 जुलै 2025 पासून तर या नात्यावर सरकारी शिक्काच बसला. त्या दिवशी बा रिया-वुंग ताऊ आणि बिन्ह युओंग हे दोन प्रांत हो चि मिन्ह सिटीत विलीन झाले. वुंग ताऊचे स्वतंत्र शहरपण संपले आणि ते महानगराच्या काही प्रभागांत विभागले गेले. सायगॉनकर आता आपल्याच शहराच्या हद्दीत समुद्रस्नान करतो.

जाण्याचे मार्ग तीन. सर्वांत चालता मार्ग रस्त्याचा. हो चि मिन्ह सिटी ते लोंग थान्ह आणि पुढे याऊ ज्यायपर्यंतचा द्रुतगती मार्ग 2015 साली पूर्ण खुला झाल्यापासून दोन-अडीच तासांत वुंग ताऊ गाठता येते. नऊ आसनी आलिशान व्हॅन दिवसभर सुटत असतात. त्यांना तिथे सर्रास ‘लिमोझिन’ म्हणतात. त्या घराजवळून उचलतात आणि हॉटेलच्या दारात सोडतात. सणासुदीला हेच दोन तास चार-पाच होतात. तरुण मंडळी मोटारसायकलींचे तांडे करून निघतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने ती जुन्या 51 क्रमांकाच्या महामार्गाने किंवा कान ज्योच्या खाडीपट्ट्यातून जातात. कान ज्योतून जाणे हा दुसरा मार्ग. 2021च्या जानेवारीपासून कान ज्यो ते वुंग ताऊ अशी फेरीबोट सुरू आहे. तीत मोटारसायकल चढवायची आणि अर्ध्या तासात पलीकडे उतरायचे.

तिसरा मार्ग पाण्याचा, आणि तोच सर्वांत देखणा. सायगॉनच्या मध्यवस्तीतील बाख दांग धक्क्यावरून जलदगती बोट सुटते आणि सुमारे दोन तास नदीतून चालते. आधी उंच इमारती, मग बंदराच्या क्रेनी, मग दोन्ही काठांना कान ज्योची खारफुटी. युद्धकाळात अमेरिकी विमानांनी फवारलेल्या तणनाशकांनी हे जंगल जवळपास नष्ट केले होते. 1978 पासून शहराने ते पुन्हा लावायला घेतले आणि 2000 साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. आज बोटीतून दिसणारी हिरवी भिंत म्हणजे माणसांनी चिखलात उभे राहून एकेक रोप टोचलेले रान आहे. डुलक्या काढणाऱ्या सहप्रवाशांना त्याचे काही वाटत नाही, पण नवख्याने खिडकीची जागा सोडू नये. नदी संपून आखात लागले की बोट हेलकावे खाऊ लागते. समोर दोन डोंगर दिसतात आणि धाकट्याच्या टोकावर हात पसरलेली एक पांढरी आकृती.

बोट थोरल्या डोंगराच्या पायथ्याशी लागते. तिथून दक्षिणेकडे वळणारा किनारा म्हणजे बाई त्रुओक, पुढची चौपाटी. ती लहान आहे, पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि मासेमारी होड्यांनी भरलेली आहे. पोहायला इथे फारसे कोणी येत नाही. येतात ते सूर्यास्ताला. शहराचा इतिहास मात्र याच बाजूला घडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मलय चाच्यांच्या उपद्रवाला आळा घालण्यासाठी न्गुयेन राजवटीने इथे सैनिकांची तीन पथके वसवली. त्यांच्या वस्त्यांची थांग न्यात, थांग न्यी आणि थांग ताम ही तीन गावे झाली आणि ती नावे अजून टिकून आहेत. फेब्रुवारी 1859 मध्ये फ्रेंच-स्पॅनिश आरमार सायगॉन घ्यायला निघाले तेव्हा नदीच्या मुखावर त्याची पहिली चकमक इथल्याच फुओक थांग किल्ल्याशी झाली. किल्ला पडला, काही दिवसांत सायगॉन पडले आणि या टोकाचे ‘काप सँ-झाक’ हे नाव रूढ झाले. जुन्या पिढीतील सायगॉनकर त्यातला ‘काप’ तेवढा उचलून ‘कापला जातो’ असे म्हणत.

सुटीसाठी समुद्रावर जाण्याची कल्पना या किनाऱ्यावर आणली ती फ्रेंचांनी. त्याआधी कोळी, सैनिक आणि मिठाचे व्यापारी यांच्यासाठी समुद्र म्हणजे कामाची जागा होती. त्याच्याकडे पाठ करून घरे बांधली जात. सायगॉनच्या दमट उष्म्याला कंटाळलेले अधिकारी आणि रबर मळ्यांचे मालक बोटीने इथे येऊ लागले. मग बंगले झाले, हॉटेले झाली, डोंगरांवर तोफा चढल्या. त्या तोफांपैकी काही अजून आपल्या जागी गंजत पडल्या आहेत आणि त्यांच्या नळ्यांवर बसून छायाचित्रे काढण्याची रीतही पडून गेली आहे.

त्या काळाची सर्वांत ठळक खूण म्हणजे थोरल्या डोंगराच्या उतारावरचा बाख यिन्ह, पांढरा वाडा. पडलेल्या फुओक थांग किल्ल्याच्या जागेवर 1898 ते 1902 या काळात तो गव्हर्नर जनरल पॉल दूमेर यांच्यासाठी बांधला गेला. हेच दूमेर पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. वाडा फार मोठा नाही. दर्शनी भिंतींवर ग्रीक-रोमन धाटणीचे अर्धपुतळे आहेत आणि वर चढणाऱ्या वाटेला जुनाट, वाकडेतिकडे झालेले चाफे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या फुलांचा खच पडतो. वाड्याच्या नशिबी मात्र कैदखाना होणेही आले. फ्रेंचांना डोईजड झालेला सम्राट थान्ह थाय याला 1907 साली पदच्युत करून या टोकावर नजरकैदेत ठेवले गेले. 1916 मध्ये त्याची आणि त्याचा मुलगा सम्राट यूय तान याची रवानगी हिंदी महासागरातील रेयुनियों बेटावर झाली. बाप 1947 साली मायदेशी परतला आणि 1954 साली सायगॉनमध्ये वारला. मुलगा 1945 मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात गेला. वाड्याच्या गच्चीवर सुटीतले कपडे घालून उभ्या राहणाऱ्या जोडप्यांना समोर जो समुद्र दिसतो, तोच नऊ वर्षे त्या राजाच्या डोळ्यांसमोर होता.

या किनाऱ्याशी जोडलेली आणखी एक कहाणी चिनी मातीच्या भांड्यांची. कोन दाओ द्वीपसमूहातील होन काऊ बेटाजवळ 1690च्या सुमारास एक व्यापारी जहाज बुडाले. तीनशे वर्षांनी मच्छीमारांच्या जाळ्यात त्याचे अवशेष अडकले आणि चीनच्या खांग्शी सम्राटाच्या काळातील निळी-पांढरी भांडी वर आली. त्यांपैकी सुमारे 28,000 नग 1992 मध्ये अॅमस्टरडॅमच्या लिलावात विकले गेले आणि ‘वुंग ताऊ कार्गो’ हे नाव जगभरच्या संग्राहकांना ठाऊक झाले. शहराबाहेरच्या जगात वुंग ताऊची कीर्ती चौपाटीपेक्षा या भांड्यांमुळे अधिक असावी.

फ्रेंच गेल्यावर दुसरे पाहुणे आले. 1966 पासून ऑस्ट्रेलियन सैन्याचा रसदतळ मागच्या चौपाटीच्या वाळूच्या टेकड्यांत होता. त्यांचे लढाऊ दल आत नुई दात येथे असे, आणि सैनिक वाहून आणणाऱ्या ‘सिडनी’ या युद्धनौकेला तर ‘वुंग ताऊची फेरीबोट’ हे टोपणनावच पडले होते. अमेरिकी सैनिकांना विश्रांतीच्या रजेवर इथे पाठवले जाई. बार, नाचघरे आणि त्यांच्या सोबतीने येणारे सारे काही पुढच्या चौपाटीलगत उभे राहिले. 1975 नंतर ते पुसले गेले आणि तिसरे पाहुणे आले, सोव्हिएत तेलतज्ज्ञ. त्यांच्याविषयी पुढे.

अर्धशतकाहून अधिक काळ हा किनारा असा इतरांच्या सुटीचा होता. व्हिएतनामी माणूस इथे होता तो आचारी, सायकल-रिक्षावाला किंवा धोबी म्हणून. खात्यापित्या सायगॉनकरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोटारी काढून इथे यायला सुरुवात केली होती हे खरे. पण सर्वसामान्यांचे समुद्रस्नान फार नंतरचे. 1975 नंतरच्या टंचाईच्या दशकात सुटी म्हणजे कामगार संघटनेच्या किंवा खात्याच्या विश्रामगृहातला नेमून दिलेला मुक्काम. 1986 साली आर्थिक धोरण बदलले, हातात पैसा खेळू लागला, मोटारसायकली आल्या. 1999च्या ऑक्टोबरपासून सरकारी कर्मचाऱ्यांना आठवड्याला चाळीस तासांचे काम आणि शनिवारची सुटी लागू झाली. आजचे वुंग ताऊ या शनिवारातून जन्मले आहे. शंभर किलोमीटर हे अंतर दोन दिवसांच्या सुटीला असे चपखल बसते की दुसरा कोणताही किनारा सायगॉनकराला इतका सोयीचा नाही.

शहर पाहण्याचा सरळ क्रम म्हणजे पुढच्या चौपाटीवरून हा लोंग रस्त्याने धाकट्या डोंगराला वळसा घालून मागच्या चौपाटीवर उतरणे. एका हाताला खडक आणि समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर. सकाळी या रस्त्यावर सायकली आणि पळणारे लोक असतात, संध्याकाळी मोटारसायकलवरची जोडपी.

धाकट्या डोंगराच्या माथ्यावर दीपगृह आहे. फ्रेंचांनी पहिले दीपगृह 1862 मध्ये उभारले. 1913 साली ते सध्याच्या जागी, 170 मीटर उंचीवर, नव्याने बांधले गेले. पांढरा गोल मनोरा 18 मीटरांचा आहे आणि त्याचा प्रकाश 35 सागरी मैलांवरून दिसतो. वर जाणारा रस्ता वळणावळणाचा आणि दमछाक करणारा असला तरी शहराची ठेवण समजून घ्यायला यासारखी जागा नाही. दोन समुद्र, दोन डोंगर, मधली कौलारू आणि काँक्रीटची दाटी, आणि दूरवर नांगरलेल्या जहाजांची रांग एका नजरेत येते.

त्याच डोंगराच्या दक्षिण टोकावर येशू ख्रिस्ताचा पुतळा आहे. उंची 32 मीटर, पसरलेल्या हातांची लांबी 18.3 मीटर. काम 1974 मध्ये सुरू झाले, 1975च्या सत्तांतरात थांबले आणि 1994 साली पूर्ण झाले. पायथ्यापासून शेकडो पायऱ्या चढून पुतळ्याखाली पोचले की आतला 133 पायऱ्यांचा गोल जिना खांद्यांपर्यंत नेतो. खांद्यावरच्या कठड्यात एका वेळी मोजकीच माणसे मावतात, म्हणून आत रांग असते. गुडघे आणि खांदे उघडे टाकणारे कपडे चालत नाहीत. समुद्रावरून थेट आलेल्यांना दारातून परत फिरावे लागते. येणाऱ्यांत ख्रिस्ती थोडे, बौद्ध आणि कसलाच धर्म न मानणारे जास्त. चढणे हाच मुख्य विधी असल्यासारखे सगळे घामाघूम होऊन वर येतात, ऊर भरून वारा घेतात आणि नमस्काराऐवजी मोबाइल काढतात.

पलीकडे थोरल्या डोंगराच्या उतारावर थिक का फात दाय हे बौद्धस्थान आहे. 1963 साली पूर्ण झालेली इथली ध्यानस्थ बुद्धमूर्ती कमळासनासह दहा मीटरांहून किंचित उंच आहे. लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर येथील प्रसंग डोंगरउतारावर शिल्पांतून मांडले आहेत. आवारातले बोधिवृक्षाचे रोप श्रीलंकेचे नारद महाथेर यांनी 1960 मध्ये लावले. हा लोंग रस्त्यावरच्या न्येत बान तिन्ह सा या मठात पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आणि गच्चीवर ड्रॅगनच्या आकाराची नौका आहे. तिथल्या साडेतीन टनांच्या घंटेवर भाविक आपली मागणी लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि ठोका देतात. परीक्षेचा निकाल, आजारी आईवडील, दुकानाची भरभराट. मागण्या सगळीकडे सारख्याच.

डोंगराचा वळसा संपता संपता न्गिन फोंग हे टोक लागते. त्याच्या समोर होन बा नावाचे लहानसे खडकाळ बेट आहे आणि त्यावर देवीचे देऊळ. ओहोटी पूर्ण लागली की किनाऱ्यापासून तिथवर शिंपल्यांनी खरखरीत झालेल्या दगडांची वाट उघडी पडते. भरतीच्या वेळापत्रकाकडे दुर्लक्ष करणारे पलीकडेच अडकून राहतात. चांद्रमासातील पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास वाट चांगली उघडते, आणि देवीच्या दर्शनाची गर्दीही तेव्हाच असते.

त्यापुढे मागची चौपाटी, बाई साउ. थुई वान रस्त्याला समांतर, काही किलोमीटर लांब, रुंद आणि सपाट. वुंग ताऊला लोक येतात ते इथे. रस्त्याच्या एका बाजूला हॉटेलांची रांग आणि दुसऱ्या बाजूला वाळू. पूर्वी या पट्ट्यात टपऱ्या, खासगी आवारे आणि तिकीट लावून आत सोडणारी स्नानगृहे दाटली होती. 2024-25 मध्ये ती हटवून सलग उद्यान आणि पदपथ करण्यात आले. किनारा मोकळा झाला, आणि सावली देणारी कळकट पण आपुलकीची बरीच ठिकाणेही त्यासोबत गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या चौपाटीचे वेळापत्रक पाश्चात्त्य पर्यटकाला चक्रावून टाकते. पहाटे पाचला पाण्यात गर्दी असते. शहरातले म्हातारे रोज येतात, छातीभर पाण्यात गोल करून उभे राहतात आणि गप्पा मारतात. आठ वाजले की लोक बाहेर पडू लागतात आणि दुपारी बारा ते तीन चौपाटी जवळजवळ ओस. ऊन हे टाळण्याची गोष्ट आहे; कातडी काळवंडू नये म्हणून बायका लांब बाह्या, टोपी आणि मुखपट्टी घालून वाळूत वावरतात. चार वाजल्यानंतर पुन्हा लोट येतो आणि अंधार पडेपर्यंत ओसरत नाही. पोहणारे थोडे, बहुतेक जण लाटेच्या फुटण्याच्या रेषेवर उभे राहून प्रत्येक लाटेला ओरडतात. आजी फुलाफुलांच्या दो बोमध्ये, म्हणजे घरात घालायच्या सुती जोडीतच, पाण्यात बसते. नात पोहण्याच्या आधुनिक पोशाखात असते. भाड्याच्या काळ्या टायरट्यूबा, भाड्याच्या खुर्च्या, भाड्याच्या छत्र्या, आणि वाळू धुण्यासाठी पैसे देऊन घ्यायचे गोड्या पाण्याचे फवारे. तीन पिढ्यांचे कुटुंब एका चटईवर असते आणि मध्ये खाण्याचे डबे.

कंपन्यांच्या सहली हा आणखी एक ठरलेला देखावा. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले चाळीस-पन्नास कर्मचारी, कर्णा हातात घेतलेला संचालक, वाळूत रस्सीखेच आणि डोळे बांधून खेळायचे खेळ. साहेब हरतात, लोक टाळ्या वाजवतात. रात्री हीच मंडळी भाड्याने घेतलेल्या बंगल्यात मासे भाजतात, बिअरच्या पेट्या फोडतात आणि ‘मोत, हाय, बा, यो’ अशी एक-दोन-तीनची आरोळी देऊन ग्लास भिडवतात. मग कराओके. चाके लावलेले ओढत न्यायचे ध्वनिक्षेपक आता जिकडेतिकडे आहेत आणि शेजारच्या बंगल्यातही तसाच एक असतो. शांतता शोधणाऱ्याने बंगल्यांच्या वस्तीपासून दूरचे हॉटेल घ्यावे.

समुद्र इथे दिसतो तितका निरुपद्रवी नाही. बाई साउवर पाण्याखाली खळगे तयार होतात आणि आत ओढणारे प्रवाह असतात. दरवर्षी बुडण्याच्या घटना घडतात. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांत लाटा अधिक उसळतात. जीवरक्षक धोक्याचे झेंडे रोवतात आणि शिट्ट्या वाजवत फिरतात. त्यांचे ऐकावे.

गर्दीचे शिखर येते ते 30 एप्रिल-1 मे आणि 2 सप्टेंबरच्या जोडसुट्यांना. 2019च्या कामगार कायद्याने वर्षाला एकूण 11 सार्वजनिक सुट्या ठेवल्या आणि त्यांतल्या पाच तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या. तेव्हा लोक आधी आपापल्या गावी जातात. उरलेल्या मोजक्या दिवसांत सारे सायगॉन एकदम सुटते. त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात, चौपाटीवर वाळू दिसेनाशी होते आणि जागा न मिळालेली कुटुंबे चटया टाकून किनाऱ्यावरच रात्र काढतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी तेच छायाचित्र छापून येते आणि तरी पुढच्या वर्षी तितकेच लोक निघतात.

वुंग ताऊला येणारा सायगॉनकर समुद्राइतकाच खाण्यासाठी येतो, आणि त्याची यादी ठरलेली असते. पहिला मान बान्ह खोतचा. तांदळाचे पातळ पीठ आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात ओतायचे, प्रत्येक खळग्यात एक कोळंबी बसवायची आणि सढळ तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचे. वरून कांद्याच्या पातीचे तेल आणि सुक्या कोळंबीचा भुगा. खाताना एक बान्ह खोत मोहरीच्या किंवा सॅलडच्या पानात ठेवतात, त्यावर पुदिना-तुळशीच्या जातीतला पाला घालतात आणि गुंडाळी कच्च्या पपईचे लोणचे घातलेल्या गोडसर मत्स्यरसात, न्यूओक माममध्ये, बुडवतात. आप्प्याची आठवण तव्यापाशी संपते. चव सर्वस्वी निराळी, आणि पाल्याशिवाय ती अपुरी. न्गुयेन त्रुओंग तो रस्त्यावरील एका जुन्या झाडाखालच्या दुकानापुढे शनिवारी सकाळी उभे राहायला जागा नसते.

दुसरी ओळख का दुओईच्या लाऊची. का दुओई म्हणजे कोकणात ज्याला पाकट म्हणतात तो मासा. त्याचे तुकडे आंबवलेल्या बांबूच्या कोंबांसह टेबलावरच्या उकळत्या भांड्यात शिजतात. पाकटाचा उग्रपणा ती आंबट चव मारते आणि मऊ कुर्च्या दाताखाली कुडकुडत राहतात. त्रुओंग कोंग दिन्ह रस्त्यावर याची दुकाने शेजारीशेजारी आहेत. उरलेले मासळीप्रेमी सोम लूओय बाजारात जाऊन जिवंत खेकडे, शिंपले आणि गोगलगायी निवडून घेतात आणि जवळच थोडे पैसे देऊन शिजवून घेतात. वजनात आणि भावात फसवणुकीच्या तक्रारी जुन्या आहेत. आधी भाव लिहून घेण्याची स्थानिकांची सवय अनुकरणीय.

परतताना हातात खोका हवा, आणि तो बान्ह बोंग लान चुंग मुओईचा. हा लहान वाटीएवढा मऊ केक, वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. गोड, खारट आणि तुपकट हे तिन्ही एकदम. पहिल्या घासाला संशय येतो, दुसऱ्याला तो जातो. रविवारी दुपारी परतणाऱ्या प्रत्येक व्हॅनमध्ये त्या खोक्यांची चळत असते.

सुटीच्या शहराखाली एक जुने कोळ्यांचे गाव अजून जिवंत आहे. ते पाहायचे तर होआंग होआ थाम रस्त्यावरच्या थांग ताम ग्रामदेवालयात जावे. आवारात तीन वास्तू आहेत: गावच्या संस्थापकांचे देऊळ, पंचमहाभूतांच्या देवींचे ठाणे आणि लांग ओंग नाम हाय, देवमाशाचे मंदिर. दक्षिण व्हिएतनामचे कोळी देवमाशाला मासा म्हणत नाहीत, आजोबांना लावावे तसे आदराने ‘ओंग’ म्हणतात. वादळात तो होडी पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावतो अशी श्रद्धा आहे. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर ज्याला तो प्रथम दिसतो त्याने थोरल्या मुलाप्रमाणे सुतक पाळायचे. पुरलेल्याची हाडे काही वर्षांनी काढून, धुऊन मंदिरात ठेवतात. काचेमागे रचलेल्या त्या फासळ्या आणि कवट्या शंभराहून अधिक वर्षांच्या आहेत. चांद्र पंचांगातील आठव्या महिन्यात 16 ते 18 तारखांना न्गिन ओंगचा उत्सव होतो. सजवलेल्या होड्या समुद्रात जाऊन ओंगला आमंत्रण देऊन आणतात. चौपाटीवरील गर्दीतल्या फार थोड्यांची पावले इकडे वळतात, ही त्यांची उणीव.

आणि मग तेल. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आत बाख हो, म्हणजे पांढरा वाघ, हे तेलक्षेत्र आहे. 1981 साली व्हिएतनाम आणि सोव्हिएत संघाने व्हिएतसोवपेत्रो ही संयुक्त कंपनी स्थापली, तिचे मुख्यालय वुंग ताऊला ठेवले आणि 26 जून 1986 रोजी बाख होमधून पहिले तेल निघाले. रशियन अभियंते कुटुंबांसह आले. त्यांच्या पाचमजली इमारतींची वसाहत शहरात अजून आहे आणि रशियन पाट्यांची काही दुकानेही. या समुद्राशी भारताचाही संबंध आहे. आजच्या ओएनजीसी विदेशने 1988 मध्ये इथल्या 06.1 या क्षेत्रासाठी करार केला. मुंबई हायवर हात बसलेल्या कंपनीचे परदेशातले हे सुरुवातीचे काम होते. तिथल्या लान ताय आणि लान दो विहिरींतला वायू समुद्राखालच्या नळाने याच किनारपट्टीवर येतो आणि त्यावर वीजकेंद्रे चालतात. रविवारी चौपाटीवरून दिसणारी हेलिकॉप्टरे पर्यटकांची नसतात. ती फलाटांवर पाळी बदलायला निघालेल्या कामगारांना नेतात. पर्यटन थंडावले तरी शहर उपाशी राहत नाही, त्याचे कारण हे आहे.

ज्यांना आणखी एक दिवस आहे त्यांनी लोंग सोन बेटावर जावे. बेट आता पुलाने जोडलेले आहे. ले वान मुऊ नावाच्या, लोक ‘ओंग चान’ म्हणत अशा, धर्मपुरुषाने 1910 पासून 1929 पर्यंत तिथे न्या लोन हा मोठा लाकडी वाडा बांधला. त्याचे अनुयायी अजून काळे कपडे घालतात, पुरुष केस वाढवून अंबाडा बांधतात आणि वाड्यात येणाऱ्याला जेवू घालतात. त्यासाठी पैसे मागत नाहीत. खाडीत कालवांच्या तरंगत्या शेतांवर बसून खाण्याची सोय आहे. बेटाच्या दुसऱ्या बाजूला पेट्रोरसायनांचा प्रचंड कारखाना उभा राहिला आहे.

मुंबईहून हो चि मिन्ह सिटीला थेट विमाने आहेत आणि भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. निवांतपणा हवा असेल तर सोमवार ते गुरुवार जावे. खोल्या स्वस्त, रस्ते मोकळे, आणि पहाटेच्या पाण्यात फक्त शहरातले म्हातारे. केवळ स्वच्छ निळ्या समुद्रासाठी जाणाऱ्याने वुंग ताऊला जाऊ नये, कोन दाओला जावे. तिथली जलद बोट इथूनच सुटते. पण व्हिएतनामी माणूस सुटीच्या दिवशी कसा वागतो हे पाहायचे असेल, तर गर्दीला न भिता शनिवारी दुपारी पोचावे आणि बाई साउवर एक चटई भाड्याने घ्यावी.